नऊ घरं, पण कोणासाठी?

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला एक पिवळा कागद बांधलेला आहे. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेला. समोरच्या कुरणात नऊ घरं बांधायला परवानगी मागितली आहे, कोणाला काही म्हणायचं असेल तर एकवीस दिवसांत लेखी कळवावं, एवढाच मजकूर.

मी इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या एका लहान खेड्यात राहते. एक चर्च, एक पब, एक हॉल, बंद पडलेली शाळा आणि चहूबाजूंनी खडूच्या दगडाच्या टेकड्या. हा कागद लागल्यापासून गावात दुसरा विषय नाही. कुत्रा फिरवायला निघालेली माणसं खांबाशी थांबतात, पुन्हा एकदा वाचतात आणि समोरून येणाऱ्याला विचारतात, "तुम्ही काय लिहिणार?"

आधी त्या नऊ आकड्याबद्दल सांगते, कारण तो सहज आलेला नाही. इथल्या नियमांत दहा किंवा त्याहून जास्त घरांचा प्रकल्प 'मोठा' धरला जातो आणि साधारणपणे तिथपासून बिल्डरवर काही घरं बाजारभावापेक्षा स्वस्तात देण्याचं बंधन येतं. संरक्षित निसर्गक्षेत्रात ही मर्यादा आणखी खाली आणता येते, पण आमचं गाव त्या क्षेत्राच्या रेषेच्या जेमतेम बाहेर पडतं. म्हणजे नऊ घरं बांधली तर त्यातलं एकही स्वस्तात द्यायला नको. अर्जातले नकाशे मी नीट पाहिले. बहुतेक घरं चार आणि पाच खोल्या झोपण्याच्या, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे बाग. घरं देखणी आहेत, दगडही इथलाच वापरणार आहेत. पण शेजारच्या गोठ्यात पहाटे दूध काढायला येणारा मुलगा किंवा गावातल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला येणारी बाई यातलं एकही घर कधी घेऊ शकणार नाही.

या अर्जावर गावानं काय म्हणायचं हे ठरवते पॅरिश कौन्सिल. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चचा मुलूख. १८९४च्या कायद्यानं चर्चचा कारभार आणि गावाचा कारभार वेगळे केले आणि खेड्यांना निवडून दिलेली कौन्सिल मिळाली. आज इंग्लंडभर अशा सुमारे दहा हजार कौन्सिली आहेत. आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करायचा मोह होतो, पण या कौन्सिलचा हात फार तोकडा आहे. परवानगी देणं-नाकारणं वरच्या कौन्सिलचं काम; आमच्याकडे २०१९पासून ते डॉर्सेट कौन्सिलकडे आहे. पॅरिशनं फक्त मत कळवायचं. त्या मताला वजन किती, तेही वरचेच ठरवणार.

मलाही इथे मत आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस इथे कायदेशीर राहत असेल तर कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून त्याला मतदान करता येतं, पॅरिशच्या निवडणुकीतही आणि संसदेच्याही. आपल्याकडच्या अनेकांना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. शहरात राहणारे आपले लोक निदान खासदाराच्या निवडणुकीला जातात. पण घराच्या कोपऱ्यावर काय उभं राहणार हे ठरवणाऱ्या सभेला फारच थोडे जातात.

अर्जावरच्या सभेला हॉल भरला होता. एरवी इथे पाच-सहा माणसं असतात आणि चर्चा रस्त्यातल्या खड्ड्यांची. त्या दिवशी भिंतीशी रचलेल्या खुर्च्याही उघडाव्या लागल्या. मागच्या टेबलावर चहाचा मोठा बंब, त्याच्या बाजूला कुरणाचा नकाशा टाचणीने लावलेला. सुरुवातीला प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायची मुभा असते. पहिले दोघं बोलले ते खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याबद्दल. त्यांना कौन्सिलचं कामकाज पाहणाऱ्या क्लार्कबाईंनी शांतपणे सांगितलं की, देखावा जाणं किंवा घराची किंमत उतरणं या गोष्टी प्लॅनिंगमध्ये धरल्याच जात नाहीत. सांडपाणी, रस्ता, पूर, उजेड, शेजाऱ्याचा खासगीपणा, यावर बोला. मला हा नियम योग्य वाटतो. देखावा कोणाच्या मालकीचा नसतो, आणि तो राखण्यासाठी दुसऱ्याला घर नाकारणं मला पटत नाही.

मग एक निवृत्त गवळी उठले. जन्म इथलाच, वडिलांनी हेच कुरण खंडानं केलेलं. ते नकाशापाशी गेले आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे लव्हाळं उगवतं. माझा बाप एप्रिलच्या आधी या कोपऱ्यात गाय सोडत नसे."

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही, म्हणून थोडं समजावून सांगते. या टेकड्या खडूच्या आहेत. शरद ऋतूत पडलेलं पाणी त्या स्पंजासारख्या पिऊन घेतात. वर काही दिसत नाही. डिसेंबर कोरडा जातो. मग जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीखालची पातळी चढत चढत वर येते आणि जिथे उन्हाळाभर गवत होतं तिथे झरे फुटतात, ओढा वाहू लागतो. असे फक्त हिवाळ्यात वाहणारे ओढे डॉर्सेटमध्ये ठिकठिकाणी आहेत. विंटरबोर्न हे त्यांचं नाव अनेक गावांच्या नावात बसलेलं आहे. हे पाणी वरून येत नाही, खालून येतं. ते सांडपाण्याच्या जुन्या नळांच्या सांध्यांतून आत शिरतं, गटारवाहिनी तुडुंब भरते, आणि ओल्या वर्षी टँकर रात्रभर घरघर करत पाणी उपसत उभे असतात. बिल्डरच्या सल्लागारांनी जोडलेला अहवाल जाडजूड होता. त्यात कुरणात खड्डे घेऊन पाण्याची पातळी मोजलेली होती. ती मोजली होती ऑगस्टच्या अखेरीस.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. क्लार्कबाईंनी फक्त लिहून घेतलं: भूजल पातळीची मोजणी हिवाळ्यात करावी. गावाच्या मताचा खरा उपयोग असतो तो इथे. वरच्या कार्यालयात बसलेला अधिकारी हुशार असेल, प्रामाणिकही असेल, पण लव्हाळं कुठे उगवतं हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं.

त्यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. मागच्या रांगेतून एका तरुण बाईनं हात वर केला. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही या पॅरिशच्या मतदार आहात का? ती म्हणाली, नाही. मतदार नसलेल्याला बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी लागते. ती त्यांनी दिली. ती म्हणाली, मी या हॉलमध्ये लहानपणी खेळगटाला यायचे. माझी आई इथेच राहते. मी रोज सकाळी शहरातून गाडीनं येते, तुमच्यापैकी तिघांच्या आईवडिलांची शुश्रूषा करते आणि रात्री परत जाते. मला घर हवं आहे, आणि ते इथे हवं आहे. ही नऊ घरं मला परवडणार नाहीत. पण तुम्ही नुसतं 'घरं नकोत' असं लिहिलंत, तर माझ्यासाठी काही हवं आहे हे कोण लिहिणार?

तीन मिनिटंही घेतली नाहीत तिनं.

गावाचं मत म्हणजे आज गावात राहणाऱ्यांचं मत. घर न मिळाल्यामुळे जो गेला, तो त्या मतातूनही गेला. त्याचं नाव यादीत नाही, सभेत तो नाही, हरकतींच्या पत्रांत तो नाही. उरतात ते घर असलेले. इंग्लंडमधली वर्तमानपत्रं खेड्यांवर सतत ठपका ठेवतात की ही माणसं कुठल्याही बांधकामाला आडवी येतात. मी या गावात जी माणसं पाहिली ती तशी नाहीत. पण ज्याला वर्षानुवर्षं फक्त हरकत घ्यायचा हक्क मिळाला, त्याला हरकत घेण्याचीच सवय लागणार.

आणि त्याआधी तर तोही हक्क नव्हता. आमच्याच जिल्ह्यात मिल्टन अ‍ॅबस नावाचं एक खेडं आहे. पांढऱ्या भिंतींची, गवताच्या छपरांची एकसारखी घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पर्यटक फोटो काढायला येतात. ते खेडं १७८०च्या सुमारास वसवलं गेलं, कारण तिथले जमीनदार जोसेफ डेमर, लॉर्ड मिल्टन, यांना आपल्या महालासमोर जुनं बाजाराचं गाव नको होतं. जसजसे भाडेपट्टे संपत गेले तसतशी घरं पाडली, माणसं दरीपलीकडे हलवली आणि गावाच्या जागी 'केपेबिलिटी' ब्राउन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराकडून हिरवळ आखून घेतली. एका वकिलानं पट्टा संपेपर्यंत हलायला नकार दिला, तेव्हा त्याच्या घरात पाणी सोडलं, असं अजून सांगतात. नव्या गावातल्या त्या देखण्या घरांत दोन-दोन कुटुंबं राहायची. कोणाला विचारलं नव्हतं.

किनाऱ्याकडे गेलात तर टाइनम लागतं. १९४३च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, रणगाड्यांच्या सरावासाठी ते गाव रिकामं करवलं. परिसरातली सव्वादोनशे माणसं निघाली. जाताना कोणीतरी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली, की घरं आणि चर्च जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८मध्ये सरकारनं सक्तीनं जमीन घेतली आणि कोणी परत आलं नाही. सराव अजून चालतो. बहुतेक शनिवार-रविवारी लोकांना आत सोडतात. मी तिथे गेले तेव्हा शाळेच्या वर्गातले बाक पाहून कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या ऐकलेल्या गोष्टी आठवल्या. तिथेही कोणीतरी देवाला सांगूनच निघालं असेल.

पण मला डॉर्सेटमधल्याच टॉलपडल या गावाबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. १८३४मध्ये तिथल्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटू नये म्हणून संघटना केली, गुप्त शपथ घेतली म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. देशभर निषेध झाला, माफी मिळाली, ते परत आले. शंभर वर्षांनी, १९३४मध्ये, कामगार संघटनांच्या महासंघानं त्यांची आठवण म्हणून गावात सहा लहान घरं बांधली, निवृत्त शेतमजुरांना राहण्यासाठी. पुतळा उभारता आला असता. पण ज्यांनी ती घरं बांधली त्यांना शेतमजुराचं दुखणं नेमकं ठाऊक होतं. इथल्या शेतमजुराचं घर मालकाचं असायचं. काम सुटलं की घर सुटायचं. म्हातारपण म्हणजे बेघर होण्याची भीती. त्यावर कायद्याचं खरं संरक्षण यायला १९७६ उजाडावं लागलं.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ प्रत्येक खेड्याच्या कडेला सरकारी भाड्याच्या घरांची एक रांग उभी राहिली. आमच्या गावातही आहे. साधी विटांची घरं, पण प्रत्येकामागे बटाटे लावण्याइतकी लांब बाग. १९८०च्या कायद्यानं भाडेकरूंना ती सवलतीत विकत घेता येऊ लागली. ज्यांनी घेतली त्यांना मी दोष देत नाही. आयुष्यात प्रथमच त्यांच्या नावावर काहीतरी झालं. पण विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधली गेली नाहीत. पुढच्या पिढीनं ती बाजारभावानं विकली. त्या रांगेतलं टोकाचं घर आता आठवड्याच्या भाड्यानं सुट्टीला मिळतं. दाराशी किल्लीची छोटी पेटी लावलेली आहे, आकडे फिरवून उघडायची.

मग गावांनी काय करावं? या प्रश्नाचं एक उत्तर २०११च्या कायद्यानं दिलं. पॅरिशला आपल्या हद्दीचा आराखडा स्वतः करता येऊ लागला: घरं कुठे, कशी, कोणासाठी. स्वतंत्र परीक्षक तो तपासतो, मग गावात मतदान होतं आणि बहुमत मिळालं की तो कायदेशीर होतो. एक अट अशी की वरच्या आराखड्यानं ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी घरं म्हणता येत नाहीत. तेव्हा अनेकांना वाटलं होतं की खेडी या हत्यारानं बांधकाम बंद पाडतील. देशातला पहिला आराखडा मंजूर झाला तो उत्तरेत, कंब्रियातल्या अपर ईडन खोऱ्यातल्या सतरा पॅरिशनी मिळून केलेला. मार्च २०१३मध्ये मतदान झालं, मतं देणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के बाजूनं होते. त्या आराखड्यात मागणी होती ती घरं बांधणं सोपं करा याची: शेतकऱ्याच्या मुलाला वाड्यावरच घर बांधता यावं, जुन्या गोठ्याचं घर करता यावं, म्हाताऱ्यांसाठी योग्य घरं व्हावीत, आणि ती इथल्यांनाच मिळावीत. पेन हातात आल्यावर गावांनी पहिलं वाक्य हे लिहिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही.

सगळंच सरळ झालं असं नाही. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या सेंट आइव्ह्‌सनं २०१६च्या मे महिन्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवलं की नवं घर ज्याचं मुख्य घर असेल त्यालाच विकावं, सुट्टीचं दुसरं घर म्हणून नाही. वास्तुविशारदांची एक कंपनी कोर्टात गेली. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं गावाच्या बाजूनं निकाल दिला. मी तेव्हा आनंदले होते. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी दाखवलं की बिल्डरांचा नव्या घरांतला रस कमी झाला आणि दुसरं घर शोधणारे पैसेवाले जुन्या घरांकडे वळले. म्हणजे एका दारातून थांबवलेली गर्दी दुसऱ्या दारातून शिरली. तरीही तो ठराव चुकीचा होता असं मला वाटत नाही. एका गावाच्या नियमानं जेवढं होण्यासारखं होतं तेवढं झालं. बाकीचं कर आणि वेतन ठरवणाऱ्यांचं काम आहे. आमच्या डॉर्सेटनं एप्रिल २०२५पासून दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, लावला आहे. परिणाम दिसायला वेळ लागेल.

या सगळ्यात असताना मी राजापूरकडे आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, फोन केला. त्यांना इथली गोष्ट सांगितली. गावात घरं नाहीत, म्हणून माणसं जातात, असं मी म्हटलं. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले.

"आपल्याकडे उलटं आहे गो," ते म्हणाले. "घरं मोप आहेत. माणसं विचार."

आमच्या वाडीत दहातली किती घरं कुलपात आहेत हे ते बोटांवर मोजत गेले. हे मुंबईत, ते बदलापुरात, त्यांचा मुलगा पुण्यात. गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, अंगण सारवलं जातं, पुन्हा कुलूप. सातबाऱ्यावर सामाईक नावं, एकेका घराला डझनभर हिस्सेदार. कोणी कौलं बदलायची म्हटली तरी सगळ्यांच्या संमतीचा प्रश्न. विकायचं तर कोणाच्या सहीनं? आणि आता टेकडीवरच्या काजूच्या बागेत बाहेरचे लोक प्लॉट पाहायला येतात. ग्रामसभेत त्यावर बोलायला कोरम भरत नाही, कारण बोलणारे मुंबईत.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिले. कोकणात माणूस गेला तरी त्याचं घर गावात राहतं, आणि घरामुळे त्याचा शब्दही राहतो. चाकरमानी वर्षातून दोनदा येतो, पण गावच्या देवळाच्या बैठकीत त्याला मान असतो, पालखी त्याच्या दारी थांबते. वाडीचं मंडळ मुंबईत भरतं आणि गावातल्या पाण्याच्या टाकीचा निर्णय तिथे होतो. त्यात त्रासही आहे. जो रोज तिथे राहतो त्याच्यावर दुरून राहणाऱ्याची इच्छा लादली जाते, हे आप्पा पुष्कळ वेळा बोलून दाखवतात. पण गेलेला माणूस हिशेबातून पुसला जात नाही. इथे मात्र भाड्याचं घर सोडून शहरात गेलेल्या मुलीला आपल्याच हॉलमध्ये बोलायला परवानगी मागावी लागते.

गावाच्या मतात कोणाला धरायचं, हा प्रश्न मला इथे आल्यापासून वेगळ्या बाजूनंही भेटतो. गावाभोवती इथे आपल्या गावठाणासारखी एक रेषा आखलेली असते. तिच्याबाहेर एरवी बांधकाम होत नाही. पण स्थानिकांसाठी कायम परवडणारी घरं बांधायची असतील तर रेषेला लागून असलेल्या जमिनीवर अपवाद म्हणून परवानगी मिळू शकते. त्यामागचं गणित साधं आहे. कुरणाला कुरण म्हणून जो भाव येतो, त्याच्या कितीतरी पट भाव बांधकामाची परवानगी मिळाली की येतो. अपवादाच्या जागेवर बाजारभावाची घरं सहसा होऊच शकत नाहीत, म्हणून जमीन स्वस्त राहते, आणि जमीन स्वस्त म्हणून घर स्वस्त होतं. जमीनमालकानं मात्र मोठ्या नफ्याची आशा सोडावी लागते. असे मालक आहेत. डॉर्सेटच्या किनाऱ्यालगतचं वर्थ मॅट्राव्हर्स हे दगडी घरांचं सुंदर खेडं. तिथली निम्म्याहून जास्त घरं सुट्टीची झाली, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःचा ट्रस्ट काढून स्थानिक कुटुंबांसाठी पाच घरं बांधली. पाच ही संख्या लहान वाटेल. ज्या गावात हिवाळ्यात दिवे लागलेल्या खिडक्या मोजता येतात तिथे पाच कुटुंबं म्हणजे खूप असतात.

अशा घरांसाठी 'स्थानिक नातं' सिद्ध करावं लागतं: इतकी वर्षं इथे राहिलात, किंवा इथे काम करता, किंवा जवळचे नातेवाईक इथे आहेत. आधी गावातल्यांना, मग शेजारच्या पॅरिशींना, अशी उतरती रांग. नियम न्याय्य आहे, तो नसेल तर घरं पुन्हा पैसेवाल्यांकडेच जातील. तरी पहिल्यांदा तो वाचला तेव्हा माझ्या मनात चरचरलं. मग याच वर्थ मॅट्राव्हर्सबद्दल २०२५मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. तिथे उत्खननात सातव्या शतकातली दफनभूमी सापडली होती. त्यातल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास केल्यावर एका तरुणाचा आजा किंवा आजी पश्चिम आफ्रिकेतली निघाली. त्याला पुरलं होतं इथल्याच एका माणसाबरोबर, एकाच थडग्यात, शेजारी इथल्याच चुनखडकाचा कोरलेला जहाजाचा नांगर ठेवून. त्या गावानं त्याला परका मानलं असेल असं त्या थडग्यावरून वाटत नाही. चौदाशे वर्षांपूर्वीही स्थानिक असणं हे रक्तापेक्षा राहण्यावर आणि काम करण्यावर ठरत असावं असं माझं मन मला सांगतं. ते शास्त्रज्ञांचं म्हणणं नाही, माझं आहे.

सरकारला घाई आहे. पाच वर्षांत पंधरा लाख घरं हे उद्दिष्ट आहे, आणि २०२४च्या डिसेंबरात नियम बदलून प्रत्येक भागावर घरांची संख्या बंधनकारक केली. देशाला घरं हवीत यात मला शंका नाही. लंडनमध्ये एका खोलीत चौघं राहणारे आपले विद्यार्थी मी पाहिले आहेत. पण संख्या वरून आली की खाली नऊ-नऊचे तुकडे पडतात. आणि नेमक्या याच वेळी, २०२५मध्ये, गावांना स्वतःचा आराखडा करण्यासाठी मिळणारी सरकारी मदत बंद झाली. आराखडा करायला तज्ज्ञ लागतात, नकाशे लागतात. ज्या गावात निवृत्त वास्तुविशारद आणि वकील राहतात ती गावं स्वतःच्या जिवावर आराखडे करतील. बाकीची पिवळ्या कागदाची वाट पाहतील. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी तसं आमच्या खासदारांना लिहिलं आहे. जिथे नव्या बांधकामावर शुल्क लावलं जातं तिथे त्यातला पंधरा टक्के वाटा पॅरिशला मिळतो, आराखडा असेल तर पंचवीस. म्हणजे ज्याला आराखडा जमला नाही त्याच्या हॉलच्या छपरालाही कमी पैसे.

आमच्या कौन्सिलनं शेवटी जे उत्तर पाठवलं ते मला आवडलं, म्हणून त्यातला गाभा इथे देते. या अर्जाला हरकत आहे. कारण एक, भूजलाची पाहणी हिवाळ्यात झालेली नाही. कारण दोन, गावात कशा घरांची गरज आहे याचा विचारच त्यात नाही. आणि मग एक परिच्छेद, जो याआधी कधी लिहिला गेला नव्हता: या पॅरिशला नवी घरं हवी आहेत. लहान, भाड्याची, इथे काम करणाऱ्यांना परवडतील अशी. चर्चच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी चढत नाही, अशी जागा आम्ही शोधत आहोत. निवृत्त गवळ्यांनी त्या वाक्याला हात वर केला. देखाव्यावर बोललेल्या दोघांपैकी एकानंही केला.

जागा दाखवायची तर गरज सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी घरोघर पाहणीचा फॉर्म जातो. मी सभेत मागणी केली की तो फॉर्म गाव सोडून गेलेल्यांनाही पाठवावा. क्लार्कबाई म्हणाल्या, पाठवता येईल, पण पत्ते हवेत. पत्ते देताना ज्याचा त्याला आधी विचारा. मग हॉलमध्येच एक वही फिरली. कोणी मुलाचं नाव लिहिलं, कोणी शाळा बंद झाली तेव्हा गेलेल्या स्वयंपाकीणबाईंचं, कोणी पबमध्ये काम करणाऱ्या त्या जोडप्याचं, ज्यांचं भाड्याचं घर मालकानं विकलं. मागच्या रांगेतल्या त्या तरुण बाईनं स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली भावाचं. फॉर्म पुढच्या महिन्यात निघतील, उत्तरासाठी सहा आठवडे ठेवले आहेत, आणि परतीच्या टपालाचा खर्च पॅरिश करणार आहे.